उजवीकडे वळणारं विमान

मी विमानं बनवतो असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर वेगळ्या नजरेने बघतो. मग मी सांगतो की ती कॉम्प्युटरवरची, आणि त्याचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा होतो. घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत मला 'ते गेमवाले' म्हणूनच ओळखतात. मी सुरुवातीला सांगायचो, गेम नाही हो, सिम्युलेटर. यात कुणाला मारायचं नसतं, गुण मिळत नाहीत, जिंकायचं काही नसतं. खरं विमान जसं चालतं तसं घरात बसून चालवायचं. यावर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले होते, "मग मजा काय त्यात?" तेव्हापासून मी समजावणं सोडलं.

संपादकांनी धंद्यातल्या गमतीजमती लिहा म्हणून सांगितलं. गमती आहेतच. जर्मनीतले एक निवृत्त शिक्षक आम्हाला वर्षानुवर्षं पत्रं पाठवत. आम्ही बनवलेल्या पंखावरचे रिव्हेट ते भिंग लावून मोजायचे आणि डाव्या पंखावर चार कमी आहेत असं कळवायचे. ते मोजून बघावं, तर खरंच चार कमी. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला कॉकपिटमधल्या घड्याळाची टिकटिक फार मोठी वाटायची, त्याची झोपमोड व्हायची. कॉकपिटमध्ये झोपायचं कशाला, हे त्याला मी विचारलं नाही.

पण चोवीस वर्षांच्या नोकरीतली मला रोज आठवणारी गोष्ट गमतीची नाही. आजवर ती मी बायकोलासुद्धा अर्धीच सांगितली होती. ती लिहितो.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं ऑफिस तेव्हा अंधेरी पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात होतं. खाली पुठ्ठ्याची खोकी बनायची, वर आम्ही विमानं बनवायचो. बॉस निखिल माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, हुशार, गोड बोलणारा. परदेशातल्या एका कंपनीसाठी आम्ही दुसऱ्या महायुद्धातलं एक लढाऊ विमान केलं होतं. ते चाललं, लोकांना आवडलं, आणि कंपनीने सांगितलं की याच विमानाचे आणखी पाच प्रकार द्या.

युद्धातली विमानं एकदा बनवून थांबत नसत. दर काही महिन्यांनी त्यात बदल व्हायचे. इंजिन मोठं, पंखांची टोकं छाटलेली, मागचं दिसावं म्हणून पायलटच्या डोक्यावर काचेचा फुगा, गरम देशांसाठी नाकाखाली धुळीची जाळी. नाव तेच, पुढचा आकडा बदलायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक विमानाचे दोन भाग. एक दिसणारा, म्हणजे आकार, रंग, कॉकपिटमधले काटे. दुसरा न दिसणारा, म्हणजे आकड्यांची एक लांबलचक फाइल. वजन किती, ताकद किती, कुठल्या वेगाला नाक खाली पडेल, सगळं त्यात. विमान खरं वाटतं ते या फाइलमुळे. आणि आळस करायचा तर तोही इथेच करता येतो, कारण ती फाइल कुणाला दिसत नाही. जुन्या प्रकाराची कॉपी करायची, चार आकडे बदलायचे, बाहेरून नवीन रंग द्यायचा.

ही फाइल माझ्याकडे होती. माझं काम.

पाचवा प्रकार युद्धाच्या शेवटी आलेला, आणि स्वातंत्र्यानंतर काही वर्षं आपल्याकडेही उडालेला. माझी बायको मुलुंडला बँकेत होती. तिच्याबरोबर काम करणाऱ्या शुभांगी रोकडे यांचे वडील हवाई दलात मेकॅनिक होते, आणि ते नेमकं हेच विमान सांभाळायचे, असं तिला बोलता बोलता कळलं. पुढच्या रविवारी मी मुलुंडला त्यांच्या घरी हजर.

रोकडेकाका तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. सडपातळ, ताठ, घरातही शर्ट खोचलेला. सातारच्या बाजूच्या एका खेड्यातून अठराव्या वर्षी भरती झाले होते. स्वयंपाकघरातला मिक्सर, शेजाऱ्यांचे पंखे, बिल्डिंगचा पंप, सगळं अजून तेच दुरुस्त करायचे. मी लॅपटॉपवर आमचं विमान दाखवलं तसे ते खुर्ची ओढून जवळ बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, की या झाकणाचे स्क्रू इतके स्वच्छ कधीच नसायचे. मग दोन तास बोलत राहिले. हात सतत हवेत, जणू समोर इंजिन उघडं पडलंय. पेट्रोल भरताना कुठे पाय द्यायचा, उन्हात पत्रा कसा भाजायचा, थंड इंजिन सुरू होताना धूर आधी कुठल्या बाजूने यायचा. पुस्तकात न सापडणाऱ्या गोष्टी. मी लिहून घेऊन थकलो, ते बोलून थकले नाहीत.

मी तिथे दर रविवारी जाऊ लागलो. शुभांगीताई म्हणाल्या की आई गेल्यापासून बाबा इतके बोलले नव्हते.

चौथ्या की पाचव्या रविवारी त्या बाजारात गेल्या होत्या. काकांनी लॅपटॉप बंद करायला सांगितला आणि म्हणाले, आता एक गोष्ट सांगतो ती शुभाला माहीत नाही.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. विमानाच्या नाकावरचा पंखा जोरात फिरू लागला की धावपट्टीवर विमान एका बाजूला ओढलं जातं. ते सरळ ठेवण्यासाठी पायलट पायाने शेपटीचं सुकाणू उलट बाजूला दाबतो. पायावर सगळा भार येऊ नये म्हणून कॉकपिटमध्ये एक छोटं चाक असतं. ते फिरवून सुकाणू आधीच एका बाजूला धरून ठेवता येतं. त्याला ट्रिम म्हणतात. या विमानाचे आधीचे सगळे प्रकार डावीकडे ओढायचे, म्हणून ट्रिम पूर्ण उजवीकडे लावायचा. शेवटच्या प्रकारात इंजिन बदललं आणि त्याचा पंखा उलटा फिरायचा. ते विमान उजवीकडे ओढायचं. ट्रिम डावीकडे.

काका तेव्हा एकोणीस वर्षांचे. पायलट बावीस-तेवीसचा, जुन्या प्रकारावर शिकलेला, या विमानात पहिल्यांदाच बसत होता. काका पंखावर उभे राहून त्याचे पट्टे आवळत होते. त्याने पट्ट्यात अडकलेल्या अवस्थेत विचारलं, ट्रिम? काकांचा हात सवयीने चाकावर गेला आणि त्यांनी ट्रिम जुन्या विमानासारखा पूर्ण उजवीकडे लावला. म्हणाले, "सेट, सर." आणि खाली उतरले.

विमान उजवीकडेच ओढलं जाणार होतं, त्यात सुकाणूही उजवीकडे. धावपट्टी सोडून ते गवतात गेलं, तिथून खड्ड्यात, आणि पेटलं. पायलट वाचला नाही.

"चौकशी झाली," काका म्हणाले. "मला विचारलं, ट्रिम कुणी लावला? मी म्हटलं, साहेबांनी स्वतः लावला. पायलटची चूक, असं कागदावर राहिलं."

ते पुढे म्हणाले, "तू हे विमान बरोबर कर. कुणी घरात बसून चुकला तर चुकू दे. पण ते खरं वळू दे. उजवीकडे."

मी शब्द दिला. मनापासून दिला, हे सांगून काही उपयोग नाही, पण मनापासून दिला.

मग शेवटचा महिना आला. पाचव्या प्रकाराची फाइल मी चौथ्यावरून कॉपी करून ठेवली होती. दिसणारा पंखा उलटा फिरवला, ते सोपं होतं. पण फाइलमध्ये ओढ उलटी केली की बाकी सगळंच बिघडायचं. वळणं, ट्रिमचे आकडे, नवशिक्यांसाठीची मदत, सगळं नव्याने बसवायला लागलं असतं. किमान तीन आठवडे. आमच्याकडे सहा दिवस होते. मी निखिलला सांगितलं. तो म्हणाला, "यार, डावीकडे की उजवीकडे, कोण बघतंय? पुढच्या अपडेटमध्ये टाकू ना." मग थांबला आणि म्हणाला, "फाइल तुझी आहे. तू सांग. थांबवायचं असेल तर मी त्यांना कळवतो."

हे मी स्पष्ट लिहितो, कारण नंतर बरीच वर्षं मी मनात हे निखिलवर ढकलत आलो. त्याने मला विचारलं होतं. मी "चालेल" म्हणालो.

एवढंच नाही. विमानाबरोबर एक माहितीपुस्तिका जाते. त्यात शेवटच्या पानावर मी स्वतः लिहिलं की हे विमान, त्यावर प्रत्यक्ष काम केलेल्या तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली तपासलं आहे. आणि खाली काकांचं पूर्ण नाव घातलं. मला वाटलं त्यांना आनंद होईल.

आनंद झालाच. पुस्तिकेचं ते पान त्यांनी फ्रेम करून घेतलं. आणि विमान बघायला यायचं म्हणाले. मी दोन-तीनदा टाळलं. ऑफिसात रंगकाम चाललंय, मशीन बिघडलंय. शेवटी एका शनिवारी दुपारी शुभांगीताई त्यांना टॅक्सीने घेऊनच आल्या. काकांनी कोट घातला होता. निखिलने समोसे मागवले, सगळी मुलं-मुली आपापली कामं सोडून भोवती उभी राहिली. खरंखुरं विमान सांभाळलेला माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता.

काका खुर्चीत बसले, पाय पेडलवर ठेवले. पाचवा प्रकार त्यांनीच निवडला. इंजिन सुरू झाल्यावर आवाज ऐकून मान हलवली. मग पडद्यावरचं ते छोटं चाक त्यांनी शोधलं आणि सावकाश डावीकडे फिरवलं. पुन्हा एकदा तपासलं. मी त्यांच्या मागे उभा होतो. मला पळून जावंसं वाटत होतं.

त्यांनी वेग दिला. विमान झटक्याने डावीकडे वळलं आणि गवतात गेलं.

कुणीतरी हलकेच हसलं. वाईट हेतूने नाही, आजोबा पहिल्यांदा काही करतात तेव्हा हसतात तसं. काकांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा चाक डावीकडे. पुन्हा विमान डावीकडे, गवतात. तिसऱ्यांदा त्यांनी वेग दिलाच नाही. वळून माझ्याकडे बघितलं.

"मनोज, हे डावीकडे का जातंय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. निखिल, ऑफिसातली मुलं, शुभांगीताई. मी एक वाक्य बोललो असतो तर संपलं असतं. काका, तुम्ही बरोबर आहात, आम्ही केलं नाही. इतकंच. पण महिनाभर ही सगळी मुलं मला विचारून काम करत होती, आणि पुस्तिकेत मीच लिहिलं होतं.

मी म्हणालो, "काका, इतकी वर्षं झाली ना. आम्ही मूळ मॅन्युअलवरून केलंय सगळं. ते असंच जायचं."

त्यांनी काही वेळ पडद्याकडे बघितलं. "असेल," म्हणाले. शुभांगीताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, बाबा, होतं असं या वयात. काकांनी समोसा खाल्ला नाही. मी त्यांना टॅक्सीपर्यंत सोडायला गेलो, तेव्हा माझा हात धरून जिना उतरले. वर चढताना त्यांनी कुणाचा हात धरला नव्हता.

त्यानंतर मी रविवारी मुलुंडला जाणं बंद केलं. काम फार आहे, असं बायकोला सांगितलं. तिच्याकडूनच तुकड्या-तुकड्याने कळत राहिलं. काकांचं हल्ली लक्षात राहत नाही म्हणे. दाराला कुलूप लावलं की नाही ते चार वेळा बघतात. औषधं घेतली का, ते मुलीला फोन करून विचारतात. बागेत जुन्या मित्रांमध्ये जाऊन बसायचे, ते सोडलं. शेजाऱ्यांनी पंखा आणला तर म्हणाले, मला नको सांगू, माझ्या हातून उलटसुलट होईल. डॉक्टरांनी तपासलं तर विशेष काही सापडलं नाही. वयाचं आहे, म्हणाले.

मला माहीत होतं ते कशाचं आहे. हे ऐकत असताना मी जेवत असायचो, आणि जेवत राहायचो.

आमच्या जर्मन गुरुजींनी मात्र विमान दोन दिवसांत पकडलं. शेवटचा प्रकार उलटा वळतो, असं त्यांचं सविस्तर पत्र आलं. मी त्यांना उत्तर लिहिलं की आपल्या सूचनेचा विचार करण्यात येईल.

आठ महिन्यांनी एका संध्याकाळी बायको म्हणाली की शुभांगीने बाबांना गॅसला हात लावायला बंदी केली. कामावर जाताना सिलिंडरच बंद करून जाते. दुपारचा चहाही त्यांना शेजारच्या बाई आणून देतात. मला त्यांचा तो चहा आठवला. दर रविवारी तेच करायचे, आलं ठेचून, मला उठू न देता.

दुसऱ्या दिवसापासून मी ती फाइल उघडून बसलो. तीन आठवडे लागतील म्हणालो होतो, अठरा दिवस लागले. म्हणजे तेव्हाही काही अशक्य नव्हतं. विमान उजवीकडे वळू लागलं. अपडेट बाहेर गेल्यावर गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या की विमान आता चुकीच्या बाजूला जातंय, पहिलं होतं तेच बरोबर होतं.

मी मुलुंडला गेलो. शुभांगीताई बँकेत असतील अशी वेळ बघून गेलो, हेही लिहायला हवं. काकांनी दार उघडलं, मला बसवलं, आणि कुलूप नीट बसलं का ते दोनदा बघून आले. शर्ट खोचलेला नव्हता. भिंतीवर ते पान फ्रेममध्ये होतं.

मी सगळं सांगितलं. फाइल, सहा दिवस, मी 'चालेल' म्हणालो ते, आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर खोटं बोललो ते. बोलताना मी जमिनीकडे बघत होतो.

काकांनी विचारलं, "म्हणजे उजवीकडेच?"

"हो काका. उजवीकडेच."

"माझं डोकं बरोबर होतं."

"हो."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता बरं वाटत असेल. मग ते बोलले, आणि ते मला अजून शब्दशः आठवतं. "तू म्हणालास डावीकडे जायचं. मग मी लावलेला ट्रिम बरोबर होता. मग साहेब कसे मेले? आठ महिने मी तेच शोधत बसलो. पट्टा वेडावाकडा बांधला? ब्रेकची हवा बघितली नाही? रोज काहीतरी नवीन सापडायचं. आजवर माझी एकच चूक होती रे. तू मला शंभर दिल्यास."

मी म्हणालो, काका, मी दुरुस्त केलेलं लॅपटॉपवर आणलंय, एकदा बघता का? ते म्हणाले, "नको. मी ते पाहिलंय."

निघताना त्यांनी मला थांबवलं. पुस्तिकेतून माझं नाव काढ, म्हणाले. मी हो म्हणालो. मग शांतपणे विचारलं, "तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, मनोज. तू किती?"

"अठ्ठेचाळीस."

त्यांनी मान हलवली आणि दार उघडून धरलं. मी बाहेर पडल्यावर म्हणाले, "कधी लिहिलंस तर मी गेल्यावर लिही. साहेबांचं नाव घालू नकोस, त्यांची माणसं असतील. माझं घाल."

पंधरा दिवसांनी शुभांगीताईंचा फोन आला. बाबा सुधारलेत, म्हणाल्या. एकटे बागेत गेले, शेजाऱ्यांचा मिक्सर खोलून बसलेत, सिलिंडरवरून माझ्याशी भांडले. तुम्ही येऊन गेलात त्याचा फार फरक पडला, मनोजराव, तुमचे आभार कसे मानू? म्हणजे काकांनी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. माझी लाज त्यांनी झाकून ठेवली होती. मी म्हणालो, अहो त्यात काय. त्यांचे आभार मी घेतले.

काका त्यानंतर दोन वर्षांनी गेले. आजार नव्हता. मी जाऊन आलो, मागच्या रांगेत उभा राहिलो.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, छापून आलेलं शुभांगीताईंच्या हातात पडण्याआधी आपण सांगायला हवं. गेल्या महिन्यात मुलुंडला गेलो. त्यांनी चहा केला. मी अपघाताचं सांगितलं, ते त्यांना माहीत होतं. शेवटच्या दिवसांत बाबांनीच सांगितलं होतं. मग मी माझं सांगितलं. अंधेरीच्या त्या शनिवारचं.

त्या ऐकत राहिल्या. रागावल्या नाहीत. बशीवरचा एक डाग बोटाने पुसत म्हणाल्या, "त्या आठ महिन्यांत ते मला रोज म्हणायचे, शुभा, मला नीट आठवतंय गं. आणि मी म्हणायचे, बाबा, तुम्हाला नाही आठवत, राहू द्या."

मग कप उचलून त्या आत गेल्या. नळ चालू झाल्याचा आवाज आला, तो बराच वेळ चालू राहिला. मी वाट बघितली. त्या बाहेर आल्या नाहीत, तेव्हा मी उठलो, चपला घातल्या आणि दार हलकेच ओढून घेतलं.